बारशाच्या दुपट्याआधी दोन-चार रुमाल

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकट्या बहिणीला सातवा महिना लागलाय आणि बारशाला हाताने भरलेलं दुपटं द्यायची हौस आहे. सुई-दोऱ्याशी ओळख बटण लावण्यापुरती. शंभर रंगांच्या दोऱ्यांचा संच मागवला, मलमलीवर मोठा मोर छापून घेतला, पण भरायला बसल्यावर कापडाला चुण्या पडल्या आणि मागच्या बाजूला दोऱ्यांचं जाळं झालं. आता क्लास लावावा, एका तुकड्यावर आधी सगळे टाके शिकून घ्यावेत, की नाद सोडून विकतचं दुपटं द्यावं?

दुपटं सोडू नका, मोर सोडा. तीन महिने हाताशी आहेत. रोज अर्धा तास बसलात तरी तेवढे पुरतील. मात्र दुपटं सगळ्यात शेवटी घ्यायचं. त्याआधी घरात खरोखर वापरल्या जातील अशा दोन-तीन वस्तू करा आणि त्या ज्यांच्यासाठी केल्या त्यांना देऊन टाका.

तुकड्यावर सगळे टाके शिकण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. शिवणक्लासमध्ये नमुन्यांची फाईल करून घेतात, परीक्षेसाठी ती लागतेही. पण घरी एकटीने शिकताना तो तुकडा बहुधा सातव्या-आठव्या टाक्यावर कपाटात जातो, कारण त्याची कोणी वाट पाहत नसतं. शिवाय टाका बरोबर बसलाय का, हे तुकडा सांगत नाही. ते वस्तू सांगते. रुमाल चार वेळा धुतला की कुठलं टोक सुटलं ते दिसतं. अभ्र्यावर डोकं टेकलं की कुठला टाका टोचतो ते कळतं. म्हणून आधी वस्तू ठरवा, ती कशी वापरली जाणार ते बघा आणि त्यावरून टाका निवडा. मी शिकवताना याच क्रमाने शिकवते.

आधी सामानाचं बघू. स्वस्त, बिनानावाच्या मोठ्या संचातले दोरे बऱ्याचदा पॉलिस्टरचे असतात किंवा त्यांचा रंग जातो. लाल, मरून, गडद निळा आणि काळा या चार रंगांचा वीतभर दोरा ओला करून पांढऱ्या फडक्यात घट्ट दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर तो दोरा बाजूला काढा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होईल या भरवशावर राहू नका. बाळाच्या कपड्यासाठी अँकर किंवा डीएमसी या कंपन्यांच्या सुती दोऱ्याच्या पाच-सहा लडी वेगळ्या आणा. एका लडीत साधारण 8 मीटर सहा पदरी दोरा येतो, म्हणजे दोन पदरांनी भरलं तर 24 मीटर काम होतं. छोट्या वस्तूला ते भरपूर झालं. चमकणारा रेयॉनचा दोरा दिसतो छान, पण तो सरकतो, पिंजतो आणि नवशिक्या हाताला फार त्रास देतो.

भरतकामाच्या सुयांचं मिश्र पाकीट घ्या. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. दोन-तीन पदरांना 7 किंवा 8 नंबर, मलमलीला 9 किंवा 10. कापड ताणून धरायची रिंग सहा इंची लाकडी पुरे. आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळलीत तर कापड घसरत नाही आणि डागही पडत नाही. रिंगमध्ये कापड ताणताना उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेने ओढा, तिरकं कधीच नाही. तिरकं ओढलं की रिंगमध्ये सरळ दिसणारं फूल रिंग काढल्यावर कलतं. रोजचं काम संपलं की रिंग सोडवून ठेवा आणि सुईही कापडातून काढून ठेवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पावसाळ्यात सुई तिथेच टोचून राहिली तर गंजाचा ठिपका पडतो आणि तो धुऊन जात नाही.

तुमच्या मोरामागचं जाळं आणि चुण्या यांचं मूळ बहुतेक दोरा हाताळण्यात आहे, म्हणून इथे जरा थांबते. दोरा कापायचा तो बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, फार तर दीड फूट. लांब दोरा घेतला की सुई कमी वेळा ओवावी लागते खरी, पण कापडातून शंभरदा घासून तो शेवटी केसाळ होतो आणि गाठी धरतो. कापलेल्या दोऱ्याचे दोन पदर एकदम ओढून काढू नका, गुंता होतो. दोऱ्याचं टोक चिमटीत धरा, एकच पदर निवडा आणि तो सरळ वर ओढा. बाकीचे पाच खाली गोळा होतील, पदर सुटला की आपोआप सरळ होतील. मग दुसरा पदर तसाच काढा आणि दोन्ही पुन्हा एकत्र ठेवा. असे सुटे करून जोडलेले पदर कापडावर शेजारी शेजारी सपाट बसतात, लडीतून तसेच घेतलेले पीळ घेऊन बसतात. भरताना दोऱ्याला पीळ चढतोच. दर दहा-बारा टाक्यांनी सुई सोडून लोंबू द्या, ती स्वतःभोवती फिरून पीळ उतरवते.

सुरुवातीला गाठ मारायची नाही. दोन पदरांनी भरायचं असेल तर सोपी युक्ती आहे. दुप्पट लांबीचा एकच पदर घ्या, मधोमध दुमडा आणि दोन्ही सुटी टोकं सुईत ओवा, म्हणजे दुसऱ्या टोकाला फासा राहील. सुई मागून वर काढा, शेजारी पुन्हा खाली घाला आणि मागच्या त्या फाशातून ओढून घ्या. गाठीशिवाय दोरा पक्का होतो. शेवट करताना मागच्या बाजूच्या चार-पाच टाक्यांखालून सुई सरकवा, उलट दिशेने एकदा परत आणा आणि कापा. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर मागून उडी मारायची असेल तर एका सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. फिक्या कापडातून तो दोरा पुढे दिसतो आणि ओढलाही जातो.

चुण्यांचं म्हणाल तर मलमलीसारख्या विरळ कापडावर सहाच्या सहा पदर घेतले की त्या पडणारच. दोरा कापडाच्या धाग्याहून फार जाड नको. आणि दोरा ओढायचा तो कापडाला टेकेपर्यंतच. टाका टेकला की हात थांबला पाहिजे.

आता पहिली वस्तू, हातरुमाल. केंब्रिकचं, म्हणजे बारीक विणीचं सुती कापड आणा किंवा घरातलं जुनं, मऊ सुती कापड घ्या. नवं असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, दोरा तेवढा आटत नाही, आणि मग सगळी मेहनत गोळा होऊन बसते. बारा इंची चौकोन कापा, कडा दोनदा दुमडून टाचून घ्या आणि चारही बाजूंनी रंगीत दोऱ्याचा धावदोरा घाला. एवढंच. टाका साधारण 3 मिलिमीटरचा, मधली जागा तेवढीच. पहिली बाजू वाकडीतिकडी जाईल आणि चौथ्या बाजूपर्यंत हाताला अंतर कळायला लागेल. तो फरक एकाच रुमालावर डोळ्यांना दिसतो, म्हणून पहिला रुमाल स्वतःकडे ठेवा आणि दुसरा-तिसरा बाबांना किंवा भावाला द्या.

रुमालच का? कारण रुमालाची मागची बाजू लपत नाही. पिशवीला अस्तर लावता येतं, उशीचा अभ्रा आतून कोणी बघत नाही, पण रुमाल दोन्ही बाजूंनी हातात येतो. मागची बाजू स्वच्छ ठेवायची सवय इथेच लागते. अभ्रा आधी केला तर ती राहून जाते.

दुसऱ्या रुमालाच्या कोपऱ्यात नावाचं आद्याक्षर काढा. देवनागरी अक्षर भरताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी गोलाई आणि उभा दंड, शिरोरेषा सगळ्यात शेवटी. लिहिताना आपण असंच करतो आणि भरतानाही तेच सोयीचं, कारण वरून जाणारी रेघ सगळे सांधे झाकून टाकते. रेघांना टीप घाला, म्हणजे बॅक स्टिच, प्रत्येक टाका मागे फिरून आधीच्या टाक्याला भिडवायचा. गोलाईवर टाके लहान करायचे. ‘स’ किंवा ‘ल’च्या वळणावर सरळ रेघेएवढेच टाके घातले तर अक्षराला कोपरे येतात.

टीप बसली की स्टेम स्टिच शिका. आपल्याकडे जुन्या बायका त्याला देठटाका म्हणतात. प्रत्येक नवा टाका मागच्या टाक्याच्या मध्यापासून वर येतो, आणि दोरा पहिल्यापासून शेवटपर्यंत सुईच्या एकाच बाजूला राहिला पाहिजे. मध्येच बाजू बदलली की वेलीचा पीळ तुटतो आणि तेवढीच जागा डोळ्यात खुपते. डावखुऱ्या असाल तर भरण्याची दिशा उलटी धरा, बाकी सगळं तेच.

नक्षी उतरवायला दिवसाउजेडी खिडकीची काच उत्तम. कागद काचेला चिकटवा, वर कापड, आणि बारीक पेन्सिलने हलकेच गिरवा. गडद कापडाला शिवणकामाचा पिवळा किंवा पांढरा कार्बन वापरा. ऑफिसचा काळा-निळा कार्बन बिलकुल नको, तो पसरतो आणि निघत नाही. पाण्याने जाणारं निळं पेन सोयीचं आहे, पण काम झाल्यावर आधी साध्या गार पाण्यात कापड पूर्ण भिजवून खुणा घालवा, मगच साबण आणि इस्त्री. खुणेवर गरम इस्त्री फिरली तर ती कायमची बसू शकते.

दुसरी वस्तू जाड कापडाची पिशवी. भाजीची म्हणा, डब्याची म्हणा. तिच्यावर वारली पद्धतीची माणसं काढा. ठाणे-पालघर भागातल्या या चित्रांची बांधणी भरतकाम शिकणाऱ्याला फार सोयीची आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड, काड्यांसारखे हातपाय, गोल डोकं. हातपाय टिपेने, त्रिकोण आडव्या भरीव टाक्याने (सॅटिन स्टिच), डोकं फ्रेंच नॉटने, म्हणजे दोऱ्याच्या गोल गाठीने. गेरूच्या रंगाच्या कापडावर पांढरा दोरा, म्हणजे रंग जुळवायची चिंताच नाही. त्रिकोण भरताना आधी कडेने टीप घालून घ्या आणि भराई रुंद बाजूपासून सुरू करून टोकाकडे जा. टोकापासून सुरू केलं की टाके कलत जातात. फ्रेंच नॉटला सुईभोवती दोरा एकदा, फार तर दोनदा गुंडाळा, सुई त्याच भोकात न घालता एक-दोन धागे सोडून शेजारी घाला आणि ती खाली जाईपर्यंत दोरा डाव्या हाताने ताणून धरा. गाठ मोठी हवी असेल तर वेढे न वाढवता पदर वाढवा. जास्त वेढ्यांची गाठ ढिली पडते.

उशीच्या अभ्र्याबद्दल थोडंच सांगते. नक्षी मध्ये नको, कोपऱ्यात किंवा उघड्या बाजूच्या पट्टीवर घ्या. मध्ये भरलेली गाठ सकाळी गालावर उमटते आणि मग तो अभ्रा कोणी वापरत नाही. इथे साखळी टाका आणि लेझी डेझीच्या, म्हणजे एकेका सुट्या फाशाच्या पाकळ्या घ्या. फासा ओढून बारीक करू नका, पाकळी गोलसर राहिली पाहिजे. सॅटिनची लांबलचक पानं अभ्र्यावर करायचा मोह होतो, पण एक सेंटिमीटरपेक्षा लांब टाका बांगडीत, कानातल्यात अडकतो. लांब पान हवंच असेल तर मधल्या शिरेवर दोन भागांत भरा. वेळ कमी वाटला तर अभ्रा वगळलात तरी चालेल.

आणि आता दुपटं. इथे माझा आग्रह आहे की ते दुपदरी करा. वरचा पदर पांढऱ्या किंवा फिक्या मलमलीचा, खालचा जुन्या सुती साडीचा. पुष्कळ घरांत बाळ येण्याआधी नवी वस्तू आणत नाहीत, आजीच्या साडीचं, आजोबांच्या धोतराचं कापड वापरतात. वर्षानुवर्षं धुऊन आलेला तो मऊपणा नव्या कापडाला नसतो. विरलेला भाग सोडून साडीच्या पदराच्या बाजूचा चांगला तुकडा घ्या. साधारण एक मीटरचा चौकोन पुरतो. दोन्ही कापडं आधी धुऊन घ्या.

भरतकाम फक्त वरच्या पदरावर करायचं, खालचा पदर नंतर जोडायचा. म्हणजे दोऱ्यांची सगळी टोकं दोन पदरांच्या मध्ये बंद होतात. याचं कारण दिसण्यापुरतं नाही. तान्ह्या बाळाची बोटं सैल धाग्यात अडकतात, आणि बोटाभोवती आवळलेला बारीक धागा मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. म्हणून बाळाच्या कुठल्याही वस्तूवर मागे लोंबणारे दोरे, सैल पाकळ्या, मणी, टिकल्या, आरसे काहीही नको. शेजारणीने कितीही सांगितलं तरी नको. लेझी डेझीऐवजी इथे देठटाका, टीप आणि आखूड भराई वापरा, ते कापडाला चिकटून राहतात. जरीचा दोरा तर बाळाच्या अंगाला नकोच.

मोराच्या जागी एका कोपऱ्यात मोगऱ्याची डहाळी घ्या किंवा चार कोपऱ्यांत चार लहान कोयऱ्या. मोगऱ्याची कळी सॅटिनच्या पाच-सात टाक्यांत होते, देठ देठटाक्याचा, पान दोन भागांत. रंग तीन पुरेत. एक किंवा दोन पदरांनी भरा आणि मलमल रिंगमध्ये ढोलकीसारखी ताणू नका, तिचे धागे सरकून जाळी पडते. जरा सैल ठेवा आणि हात हलका ठेवा.

नाव भरायची घाई करू नका. ते बारशालाच ठरणार, आणि आधी ठरलेलं नावही ऐनवेळी बदलतं. कोपऱ्यात डहाळीखाली तीन इंच जागा मोकळी सोडा. तेवढ्या भागाची खालच्या पदराशी कडही कच्चीच ठेवा. बारसं झालं की दुपटं दोन दिवस परत मागा, कड उसवून नाव भरा आणि बंद करून द्या. बहिणीला आधीच सांगून ठेवा, ती आनंदाने देईल.

भरून झालं की दोन्ही पदर सुलट बाजू आतल्या बाजूला येतील असे एकमेकांवर ठेवून कडेने शिवा, वीतभर उघडं ठेवून उलटवा आणि तोंड बंद करा. मग गोधडीला घालतात तसा धावदोरा दोन्ही पदरांतून कडेकडेने चौकोनात घाला, आत आत येत जा, दोन ओळींत तीन-चार बोटांचं अंतर. पदर एकमेकांवरून सरकत नाहीत आणि दुपट्याला छान वजन येतं. रुमालाच्या चार कडांवर जो धावदोरा बसवलात तोच इथे कामाला येतो. दोऱ्याची सुरुवातीची आणि शेवटची टोकं सुईने दोन पदरांच्या मध्ये सरकवून द्या. डहाळीच्या अंगावरून ओळ नेऊ नका, शेजारून वळवा.

देण्याआधी गार पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा. इस्त्री मागच्या बाजूने, खाली जाड टर्किश टॉवेल घालून, म्हणजे भराई चेपत नाही. कांजी घालू नका, बाळाच्या कापडाला ती काय कामाची. आणि काम पूर्ण झाल्यावर सुया मोजा. सुरुवात करताना किती होत्या ते लिहून ठेवलेलं असलं पाहिजे. हे टाळायचं नाही.

क्लासचं विचारलंत. या तीन महिन्यांत गरज नाही. घरात किंवा ओळखीत भरतकाम येणारी एखादी मावशी-काकू असेल तर तिच्याशेजारी बसून देठटाका आणि फ्रेंच नॉट हे दोनच टाके प्रत्यक्ष बघून घ्या. दोरा कुठे धरायचा हे हात बघूनच चटकन कळतं. क्लास नंतर लावा आणि लावलात तर कसूतीचा लावा. धारवाड भागातलं हे काम आपल्याकडे कर्नाटकी कशिदा म्हणून पूर्वीपासून हौसेने केलं जातं. इरकल साडीवर, खणावर ते शोभतं. त्यात नक्षी छापत नाहीत, कापडाचे धागे मोजून भरतात आणि गाठ कुठेच मारत नाहीत. त्यातला गवंती हा टाका म्हणजे धावदोराच. एकदा पुढे जायचं आणि परत येताना सुटलेल्या जागा भरायच्या, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतात. मुरगी पायऱ्यापायऱ्यांनी जातो, नेगी विणल्यासारखा दिसतो, मेंथी म्हणजे फुलीटाका. रुमालापासून सुरुवात केलेल्या बाईला गवंती अवघड जात नाही. सरावासाठी मॅटीचं कापड घ्या, त्याची घरं मोजायला सोपी असतात, आणि चौरंगावर घालायला एक लहान आसन करा. तुळशी वृंदावन, हत्ती, रथ हे कसूतीतले जुने आकार आहेत.

एक शेवटची सूचना. दुपटं छान झालं की घरातून मागण्या सुरू होतील. कोणी संक्रांतीच्या वाणासाठी पंचवीस बटवे सांगेल, कोणाला रुखवतात मांडायला टेबलक्लॉथ हवा असेल. वाणाचे बटवे हाताने भरायचे असतील तर दसऱ्यालाच सुरुवात करा आणि प्रत्येकावर एकच आकार घ्या, तिळाचं फूल किंवा पतंग, दोन पदरांत, पंधरा मिनिटांत होईल एवढाच. रुखवताचा टेबलक्लॉथ लग्नाच्या तारखेला सहा महिने असतील तरच घ्या, नाहीतर त्याऐवजी सहा रुमालांचा संच भरून द्या.